विकून राहिलो

दिवाळीच्या सुट्टीत पियुष नाशिकहून आला. पाठीवर बॅग, हातात चिवड्याची पुडी. दारातच तो उकिडवा बसला आणि त्याने दोन्ही हात पसरले. यशूने त्याच्याकडे नीट निरखून पाहिलं, मग माझ्या खांद्यात तोंड खुपसलं आणि टेबलावरच्या मोबाईलकडे बोट दाखवून म्हणाली, "बाबा."

आम्ही सगळे हसलो. पियुषही हसला. मग बूट काढायला म्हणून तो बाहेर गेला आणि बराच वेळ आत आलाच नाही.

चूक कोणाचीच नव्हती. त्याच्या कंपनीने इथलं, नागपूरच्या मिहानमधलं काम आवरतं घेतलं आणि पावसाळ्यात त्याला नाशिकला पाठवलं, तेव्हा यशू नुकती बसायला लागली होती. तेव्हापासून रोज संध्याकाळी ती त्याला तळहाताएवढ्या काचेत बघायची. त्याला वरणभात भरवायची. काचेवर पिवळे डाग पडायचे, ते मी ओढणीने पुसायची. तिच्या लेखी बाप म्हणजे उजेड असलेली, बोलणारी एक वस्तू. ती कधीकधी बंद होते. असा दरवाज्याएवढा, घामेजलेला, हात पसरून बसलेला माणूस कोण, ते तिला कसं कळावं?

नाशिकला पियुष दोन सहकाऱ्यांबरोबर एका खोलीत राहत होता. आम्ही सगळ्यांनी तिकडे जायचं तर तिथे घर हवं, आणि तिथे घर हवं तर बेसा रोडवरचं हे घर विकायला हवं. घर आईंच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या नावावर. इथल्या प्लॉटांच्या ले-आउटमध्ये रस्ताही नव्हता तेव्हा त्यांनी आणि बाबांनी ते बांधलेलं. बाबांना, गोपाळरावांना, जाऊन आता काही वर्षं झाली. त्यामुळे घर विकायचं हा शब्द मी कधी काढला नसता. पियुषनेही काढला नाही. पियुष परत गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी मेथी निवडता निवडता आईच म्हणाल्या.

"विकून टाकू वं हे. पोट्टीले बाप पाह्यजे. भिंती काय, तिकडं बी राहतेतच."

मी म्हटलं, आई, बाबांनी एवढ्या हौसेनं बांधलेलं घर.

"मंग त्यायनं कोनासाठी बांधलं? पालीसाठी?"

इतकंच. मेथीची जुडी संपली आणि निर्णयही झाला. फक्त लवकर व्हायला हवं होतं. यशू रोज थोडी मोठी होत होती, आणि ते मोठं होणं पियुषला काचेतून दिसत होतं.

विक्कीला सांगितलं. तो आमच्याच ले-आउटमधला. आधी त्याचं मोबाईलचं दुकान होतं, आता प्लॉट आणि घरांची कामं करतो. त्याने घर फिरून पाहिलं आणि सल्ले दिले. सामान कमी करा, घर मोकळं दिसलं पाहिजे. दोरीवरचे लंगोट पार्टी यायच्या आधी काढा. मीही यशूला पायावर झोपवताना मोबाईलवर वाचत असे, घर लवकर विकण्यासाठी काय काय करावं. एका ठिकाणी लिहिलं होतं, घरात छान वास हवा, दालचिनी उकळत ठेवा. मी ठेवली. आईंनी तो सर्दीचा काढा समजून गाळून पिऊन टाकला, आणि पार्टी आली तेव्हा घरात भाजलेल्या हिरव्या मिरच्यांचा ठसका होता. बिचारी माणसं खोल्या बघायच्या ऐवजी शिंकत राहिली.

शेवटचा सल्ला मात्र विक्कीने जरा घुटमळत दिला. पुढच्या खोलीत, दारातून आत आलं की समोरच, बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा एकत्र असा मोठा फोटो आहे. बाबांनी तो सिताबर्डीहून सायकलवर काच सांभाळत आणला होता. विक्की आमच्यातलाच, त्याच्याही घरात असाच फोटो आहे, म्हणून तर ते तोंडातून काढू शकला.

"काकू, राग नका मानू. हा फोटो दोन-चार दिवस आतल्या खोलीत ठेवा. पार्टी पाहून गेली का परत लावून देऊ."

"काहून?"

"घर जल्दी निघते, काकू."

आईंनी त्याच्यापुढे चहा ठेवला. "अन् मंग रजिस्ट्रीच्या दिवशी मी आडनाव काय सांगू गा? तुझं सांगू?"

विक्कीचं आणि आमचं आडनाव एकच आहे. तो हसला, कान पकडले, चहा प्यायला. तो विषय तिथेच संपला.

लोक येत राहिले. एकांना स्वयंपाकघराची दिशा चुकलेली वाटली. एक निवृत्त गृहस्थ सगळ्या भिंती बोटांनी वाजवून गेले, तबला विकत घ्यायला आल्यासारखे. आणि एक जण सहकुटुंब आले, त्यांना सगळंच आवडलं. बोअरला पाणी किती, विचारून झालं. त्यांचं कपाट कुठे बसेल हेही ठरलं. मग ते पुढच्या खोलीत आले आणि समोरच्या भिंतीकडे बघत थांबले. "आडनाव काय म्हणालात तुम्ही?" मी सांगितलं. तेवढ्यात चहा आला. आत्ताच घेऊन निघालो, म्हणाले. फोन करतो, असंही म्हणाले. फाटक लागल्यावर आईंनी त्यांचे कप एकेक करून स्वतःच पिऊन टाकले. आपल्या दुधाचा चहा कशाला फेकायचा, एवढंच म्हणाल्या.

मार्च लागला, ऊन टोचायला लागलं, तेव्हा अदिती आणि ऋषी आले. मूळचे साताऱ्याचे. ऋषीला मिहानमध्ये नोकरी लागून वर्षही झालं नव्हतं. अदितीला सातवा महिना होता, आणि ज्या घरात ते भाड्याने राहत होते ते घरमालकाला मुलाच्या लग्नासाठी परत हवं होतं. म्हणजे आम्हाला जेवढी घाई होती तेवढीच त्यांनाही होती. त्यांना बाळंतपणाच्या आधी आपल्या छपराखाली जायचं होतं.

अदिती खोल्या बघण्याआधी फरशीवरच बसली, गार वाटतंय म्हणाली. यशूने स्वतःचं चोखलेलं बिस्कीट तिच्यापुढे धरलं, तर तिने त्याचा एक कण मोडून तोंडात टाकला. आईंनी तिला खिडकीबाहेरचा कूलरचा स्टँड दाखवला, खस कधी बदलायची ते सांगितलं, आणि आमच्या उन्हाळ्याची पोटभर भीती घातली. तिने दुसऱ्यांदा चहा मागून घेतला. निघताना ती समोरच्या फोटोकडे थोडा वेळ बघत उभी राहिली. काही विचारलं नाही. रविवारी ऋषीचे आईबाबा साताऱ्याहून येतायत, त्यांना दाखवून लगेच नक्की करू, असं सांगून दोघं गेली.

शनिवारी मी यशूला न्हाऊ घालत असताना अदितीचा फोन आला, तो आईंनी घेतला. मी बाहेर येऊन विचारलं, काय म्हणाली? तर घर आहे ना अजून, असं विचारत होती म्हणे. आईंनी तिला सांगितलं की विकून राहिलो, पोराकडे जाऊन राहिलो. बरं, ठीक आहे, म्हणून तिने फोन ठेवला. मला त्यात वावगं काहीच वाटलं नाही.

रविवारी आम्ही सकाळीच घर लख्ख केलं. पोहे भिजवले, चण्याची तर्री केली. अकरा वाजले, बारा वाजले. आई फाटकापर्यंत दोनदा जाऊन आल्या. कोणी आलं नाही, फोनही नाही. ती तर्री आम्ही दोघींनी मंगळवारपर्यंत खाल्ली.

मी फोन केला नाही. ज्या प्रश्नाचं उत्तर आपल्याला आधीच माहीत आहे असं वाटतं, तो विचारायला जीभ उचलत नाही. आईंनी एकदाच, भांडी लावता लावता म्हटलं, फोटोच पाह्यला असन. संध्याकाळी पियुषने विचारलं, त्या साताऱ्याच्या लोकांचं काय झालं? मी म्हटलं, नाही जमलं. तोही याच गावात, याच आडनावाने वाढलेला. त्याने पुढे विचारलं नाही.

त्याच आठवड्यात यशू चालायला लागली. पलंगाची कड सोडून, हात वर करून, पडेल पडेल असं वाटत असताना ती थेट माझ्यापर्यंत आली. मी लगेच व्हिडिओ कॉल लावला. तिला परत पलंगापाशी उभं केलं, हाका मारल्या. ती निघाली. पियुष तिकडून म्हणत होता, "प्रीती, फोन जरा मागे घे ना. पाय दिसत नाहीयेत. पाय दाखव." मी फोन मागे घेईपर्यंत ती खाली बसली होती. मग काही केल्या उठेना. राहू दे, तो म्हणाला, दमली असेल.

आई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी ते ऐकलं.

दुसऱ्या दिवशी विक्कीचा निरोप आला की उद्या एक पार्टी येतेय, पक्की आहे, त्यांना लवकर ताबा हवाय. दुपारी यशूला झोपवून मी बाहेर आले, तर आई प्लॅस्टिकच्या स्टुलावर चढलेल्या. त्यांच्या गुडघ्यांना पायरीसुद्धा झेपत नाही. फोटो त्यांनी भिंतीवरून काढला होता आणि छातीशी धरून पदराने काच पुसत होत्या. भिंतीवर त्या जागी रंग वेगळाच होता, नवा.

"दोनच दिवस ठेवते आत," माझ्याकडे न बघता त्या म्हणाल्या. "मी म्हटलं त्यायले, रागवू नका जी. पोट्टीसाठी करून राहिली."

कोणाला म्हटलं, ते मी विचारलं नाही.

मी स्टूल धरलं. आई, उतरा, म्हटलं. त्या उतरल्या. मी त्यांच्या हातातून फोटो घेतला, स्टुलावर चढले आणि परत खिळ्याला लावला. थोडा तिरका लागला, तो सरळ केला. आई म्हणाल्या, अवं पण उद्या. मी म्हटलं, उद्याचं उद्या. मला राग येत होता, पण कोणाचा ते कळत नव्हतं. मोबाईल घेऊन मी मागच्या अंगणात गेले आणि अदितीला फोन लावला. एकदा तोंडावर ऐकून तरी घ्यावं, असं वाटलं.

"अदिती, मी प्रीती, बेसा रोडची. एकच विचारायचं होतं. तुम्हाला घर आवडलं नाही, की घरातली माणसं?"

ती गोंधळून म्हणाली, "अहो, पण घर तर विकलंत ना तुम्ही?"

"कोण म्हणालं?"

"तुमच्या सासूबाई! मी शनिवारी फोन केला होता, तेव्हा त्याच म्हणाल्या, घर विकून राहिलो, मुलाकडे जाऊन राहिलो. मला वाटलं, विकून तुम्ही नाशिकला जाऊन राहिलात पण. मी तर रडले हो त्या दिवशी. ऋषीला म्हटलं, आईबाबा येईपर्यंत थांबू, आईबाबा येईपर्यंत थांबू करत बसलास, गेलं ना घर."

मी कपडे धुवायच्या दगडावर खाली बसले.

आता हे नागपूरबाहेरच्या माणसाला कसं सांगावं? आमच्याकडे तोंडात घास असतानाच माणूस 'जेवून राहिलो' म्हणतो. घरातून पायसुद्धा बाहेर पडलेला नसतो तेव्हा 'येऊन राहिलो' म्हणतो. विकून राहिलो म्हणजे विकतो आहोत. जाऊन राहिलो म्हणजे जाणार आहोत, अजून इथेच आहोत. मी जवळच्या सावनेरची, जन्मापासून हेच ऐकत आलेली. शाळेत निबंध लिहिताना तेवढं 'करत आहे' लिहायचं, बाकी आयुष्य 'करून राहिली'. म्हणून तर आईंनी मला ते वाक्य जसंच्या तसं सांगितलं तेव्हा माझे कान जराही टवकारले नाहीत.

अदितीला मी हे सगळं समजावलं. ती म्हणाली, "थांबा थांबा. म्हणजे ऑफिसात ऋषीला सगळे सांगतात, काम करून राहिलो..."

"ते अजून झालेलं नसतं."

"तरीच!" आणि ती इतकी हसली की शेवटी म्हणाली, पुरे, बाळ लाथा मारतंय. मग श्वास घेऊन तिने विचारलं, "पण तुम्ही मघाशी असं का विचारलंत? माणसं आवडली नाहीत का, म्हणून?"

मागच्या दारातून मला पुढच्या खोलीची भिंत दिसत होती. मी म्हटलं, "काही जणांना आमची भिंत आवडत नाही."

तिला कळलं असावं, किंवा हळूहळू कळत असावं. मग म्हणाली, "आईबाबा अजून इथेच आहेत. उद्या सकाळी येऊ? सगळेच येतो."

आत जाऊन आईंना सांगितलं, तर त्यांना आधी उमजेचना.

"मंग मी काय चूक बोलली? विकूनच राहिलो होतो ना?"

"हो आई. पण त्यांच्याकडे त्याचा अर्थ विकून झालं असा होतो."

"बाप्पा! आपन त्यायचं 'अगं बाई, अय्या' समजून घेतोच ना?" त्या फणकारल्या. मग एकदम खाली बसल्या, पदर तोंडाला लावला आणि खुदखुदायला लागल्या. हसता हसता डोळे भरले. "मले वाटलं वं..." एवढंच म्हणाल्या.

"मलाही," मी म्हटलं.

या वेळी ते तसं नव्हतं. चहा टाकून गेलेल्या त्या माणसाला मात्र मराठी नीट समजली होती, हेही आम्हाला माहीत होतं. पण त्या दुपारी आईंनी कितीतरी दिवसांनी रेडिओ लावला आणि यशूच्या दुधात जायफळ घालायला विसरल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी अदितीची सगळी मंडळी आली. तिच्या सासऱ्यांनी गच्चीवर जाऊन टाकी पाहिली, सासूबाईंनी स्वयंपाकघरातला प्रत्येक नळ सोडून पाहिला. आईंशी त्या सारख्या जपून, शब्द सुटे सुटे करून बोलत होत्या, परदेशी पाहुण्याशी बोलावं तसं. आणि आईही त्यांच्याशी पुस्तकी मराठी बोलायच्या प्रयत्नात घामाघूम झाल्या होत्या. चहा झाला, पोहे झाले, तर्रीने सगळ्यांच्या नाकाडोळ्यांतून पाणी आलं. अदितीने जाताना पुन्हा पुन्हा विचारून घेतलं, "नक्की ना? अजून विकलेलं नाही ना?" विक्की आपली पक्की पार्टी हुकली म्हणून आधी रुसला, मग कागदपत्रांची सगळी धावपळ त्यानेच केली.

रजिस्ट्रीच्या दिवशी पियुष सकाळच्या गाडीने आला आणि स्टेशनवरून थेट ऑफिसात पोचला. बाहेर ऊन रणरणत होतं, आत माणसांची दाटी. यशूने त्याला पाहिलं आणि माझ्या गळ्याला घट्ट मिठी मारली. त्यानेही या वेळी हात पसरले नाहीत. नुसता शेजारी उभा राहिला, तिच्याशी न बोलता, तिच्यासारखाच पंख्याकडे बघत.

तेवढ्यात आतून आईंच्या नावाचा पुकारा झाला. मशीनवर त्यांचा अंगठा उमटेना. भांडी घासून, शेतात राबून रेषाच गेलेल्या. आतला माणूस म्हणाला, सोबत कोणी असेल तर या, हात पुसून द्या. मी काही विचार करायच्या आत यशूला पियुषच्या हातात दिलं आणि आत पळाले. मागे तिचा मोठ्ठा भोंगा ऐकू आला. आईंचा अंगठा मी ओल्या रुमालाने पुसत होते, दाबून धरत होते, आणि कान सगळे बाहेर. मशीनने एकदा नाही म्हटलं, दोनदा नाही म्हटलं. भोंगा चालूच होता. मग तो तुटक झाला, मग हुंदके. अंगठा उमटला तेव्हा बाहेर काहीच ऐकू येत नव्हतं. मी घाबरून बाहेर आले.

पियुष खांबाला टेकून उभा होता. यशू त्याच्या खांद्यावर, रडून लाल झालेली, एक मूठ त्याच्या कॉलरमध्ये अडकवून गाढ झोपलेली. तिच्या तोंडातली लाळ त्याच्या शर्टावर उतरली होती. तो श्वाससुद्धा बेताने घेत होता. माझ्याकडे पाहून त्याने फक्त भुवया उंचावल्या. त्या उंचावलेल्या भुवयांत काय होतं ते मला लिहिता येणार नाही.

मग साक्षीदार म्हणून त्याचं नाव पुकारलं. यशू उजव्या खांद्यावर होती. तिला न हलवता तो टेबलाशी गेला, वाकला आणि डाव्या हाताने सही केली.

टेबलामागच्या माणसाने ती ओळखपत्राशी ताडून पाहिली. "ही सही जुळत नाही, साहेब. उजव्या हातानं करा. पोरीला देऊन टाका तिच्या आईकडे."

मी हात पुढे केले. पियुष हललाच नाही.

आई पुढे झाल्या. कागदावर उठवलेल्या अंगठ्याची शाई अजून पदराला पुसत होत्या. "लेकरू झोपून राहिलं, भाऊ," त्या म्हणाल्या. "त्याले थांबू द्या जरा."

त्या माणसाने चष्म्यावरून आधी आईंकडे पाहिलं, मग पियुषच्या खांद्याकडे. कागद बाजूला सरकवला, वर पेपरवेट ठेवला आणि पुढच्या माणसाचं नाव पुकारलं.